आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा

पत्र: काका, आमच्याकडे एका दाराचा, ११ वर्षं जुना फ्रिज आहे. महिनाभरापासून त्यातलं दूध दोन दिवसांत नासतंय. आतलं बटण मी ३ वरून ५ वर नेलं, तरी फरक नाही. वर फ्रीजरमध्ये मात्र बर्फाचा इतका जाड थर साचतो की तो सुरीने खरवडून काढावा लागतो. ओल्या हाताने हँडल धरलं की कधी कधी झिणझिण्या येतात. दीर म्हणतात, फरशी ओली असते म्हणून होतं, चपला घालत जा. अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, असा सासूबाईंचा नियम आहे. त्यामुळे रात्रीचा भात ओट्यावर राहतो आणि सकाळी आत जातो. गेल्या आठवड्यात तोच भात गरम करून खाल्ल्यावर मला आणि मुलाला तीन-चार तासांत उलट्या झाल्या. जाऊबाईंना सातवा महिना आहे, आणि सासऱ्यांचं इन्सुलिनही याच फ्रिजमध्ये असतं. हा दुरुस्त करावा की नवीन घ्यावा? नवीन घेतला, तर जुना मागच्या खोलीत सामान ठेवायला वापरता येईल का?

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी दुधाची दिसते. मला मात्र झिणझिण्यांचं वाक्य वाचून धस्स झालं. बाकीचं सगळं दोन दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. म्हणून आधी उठा आणि फ्रिज बंद करा. हात कोरडे करा, पायात कोरडी चप्पल घाला, भिंतीवरचं बटण बंद करा आणि दुसरा हात फ्रिजच्या अंगाला न लावता प्लग काढून ठेवा. सॉकेट फ्रिजच्या मागे असेल आणि तिथे पोचायला फ्रिज सरकवावा लागणार असेल, तर त्याला हात लावण्याआधी घराचा मेन स्विच पाडा.

आतल्या वस्तूंची फार चिंता करू नका. दार उघडलं नाही तर फ्रिजमधला गारवा साधारण ४ तास टिकतो. तेवढ्या वेळात इन्सुलिन आणि लवकर खराब होणाऱ्या वस्तू शेजारच्या फ्रिजमध्ये हलवा.

आता हे का होतं ते सांगतो. फ्रिज दुरुस्तीत माझी तीस वर्षं गेली, आणि 'थोडासाच करंट लागतो' हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे. फ्रिजचं बाहेरचं अंग पत्र्याचं असतं. आत कॉम्प्रेसरच्या (म्हणजे गॅस फिरवणाऱ्या मोटारीच्या), थर्मोस्टॅटच्या (म्हणजे थंडी कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या), दिव्याच्या वायरी असतात. वर्षानुवर्षं ओल, उष्णता आणि हादरे सोसून त्यांचं आवरण कुठेतरी कमजोर होतं, कधी उंदीर कुरतडतो, आणि करंट पत्र्यावर उतरतो. अशा वेळी त्याने जमिनीत निघून जावं म्हणून अर्थिंगची वायर असते, प्लगची तिसरी पिन तिच्यासाठीच असते. तुम्हाला झिणझिण्या येतात याचा अर्थ करंटला ती वाट मिळत नाहीये. तो पत्र्यावर थांबून राहतो, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाने हँडल धरलं की त्याच्या अंगातून वाट काढतो.

चपलेने तो नाहीसा होत नाही. ज्या दिवशी चप्पल नसेल, किंवा तुमचा मुलगा अनवाणी पाणी प्यायला येईल, त्या दिवशी तो तिथेच असेल. हँडलवर कापडी आवरण घालणंही तितकंच निरुपयोगी. ते ओलं झालं की आणखी वाईट.

'फ्यूज उडत नाही, म्हणजे फार काही नसेल' असाही एक समज असतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) वायर जळू नये म्हणून असतो. तो उडायला कित्येक अँपिअर लागतात. माणसाच्या हातातून १० मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. एक अँपिअर म्हणजे हजार मिलिअँपिअर, म्हणजे माणूस चिकटला तरी फ्यूजला त्याची खबर नसते. ती खबर ठेवणारं उपकरण वेगळं असतं, त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा बसवतात. करंट भलत्या वाटेने जमिनीत जायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. तुमच्या मेन बोर्डावर तो नसेल, तर फ्रिजच्या आधी त्यावर खर्च करा, असं मी आग्रहाने सांगेन.

एका घरातला प्रसंग मी विसरू शकत नाही. जुन्या सॉकेटमध्ये तीन पिनांचा प्लग बसत नव्हता, म्हणून कुणीतरी अर्थिंगची पिनच कापून टाकली होती. तीन वर्षं काहीही झालं नाही. मग एका पहाटे घरातल्या आजी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून दार उघडायला गेल्या आणि त्यांचा हात सुटेना. नातवाने मेन स्विच पाडला म्हणून त्या वाचल्या. मी गेलो तेव्हा त्या पलंगावर बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, 'रोज थोडं थोडं लागायचं रे.'

म्हणून वायरमनला बोलावून दोन गोष्टी तपासून घ्या. सॉकेटला अर्थिंग खरोखर पोचतं का, ही पहिली. सॉकेटला तिसरं भोक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच्या मागे वायरच जोडलेली नाही, असं मी कितीदा पाहिलंय. दुसरी तपासणी फ्रिजची. त्याच्या वायरी आणि कॉम्प्रेसर यांचं इन्सुलेशन, म्हणजे करंट अडवणारं आवरण, किती शाबूत आहे ते मेगर नावाच्या यंत्राने मोजायला सांगा. टेस्टरचा दिवा लागला-नाही लागला यावर निकाल देणारा माणूस असेल, तर दुसरा बोलवा. आणि फ्रिजसाठी एक्स्टेंशन बोर्ड असेल, तर तो काढून टाका. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, हलक्या वायरीची जोडणी त्याने हळूहळू तापत, काळी पडत जाते.

आता सुरीबद्दल. ताई, ती सुरी पुन्हा फ्रीजरकडे नेऊ नका. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीजरच्या भिंती म्हणजेच थंडी तयार करणारं यंत्र असतं. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच गॅसचे मार्ग गेलेले असतात. सुरीचं टोक एकदा आत गेलं की गॅस निघून जातो, आणि तिथलं भोक बुजवणं हे सहसा टिकाऊ काम नसतं.

गॅस कोणता आहे, हेही बघून ठेवा. फ्रिजच्या आत किंवा मागे, कॉम्प्रेसरजवळ, एक लेबल असतं. त्यावर आर-१३४ए लिहिलेलं असेल तर तो गॅस पेटत नाही. आर-६००ए असेल, तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेटणारा गॅस. ओझोनच्या थराला धक्का लावणारे जुने गॅस १९८७च्या माँट्रिअल करारानंतर हळूहळू बंद झाले. आर-६००ए ओझोनला निरुपद्रवी आणि हवामानाच्या दृष्टीनेही बरा, म्हणून आता बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये तोच असतो. त्याला घाबरून जायचं कारण नाही. तो सहसा १०० ग्रॅमहूनही कमी असतो आणि बंद नळ्यांत फिरत राहतो. पण स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, तसा याला नसतो. आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. म्हणून बर्फ काढताना 'फुस्स' असा आवाज आला, तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, प्लगही ओढू नका, काडी पेटवू नका. खिडक्या-दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि खोलीत भरपूर वारा खेळल्यावरच पुढचं बघा.

बर्फ काढायची माझी रीत फार साधी आहे. प्लग काढायचा, दार उघडं ठेवायचं, खाली जुने टॉवेल अंथरायचे, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं एक पातेलं ठेवायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. तासाभरात बर्फाच्या लाद्या आपोआप सुटतात. त्या हाताने किंवा लाकडी उलथन्याने अलगद उचलायच्या. केस वाळवायचं यंत्र लावू नका. वितळतं पाणी आणि चालू विजेचं उपकरण यांची जवळीक नकोच, शिवाय आतलं प्लॅस्टिक वाकतं. आणि बर्फाची इतकी वाट बघू नका. थर अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की काढायचा. काही फ्रिजना बर्फ वितळवण्याचं लाल बटण असतं, ते दाबलं की पुरे.

तुमच्या दुधाचं उत्तर याच बर्फात दडलेलं आहे. या प्रकारच्या फ्रिजमध्ये सगळी थंडी वर तयार होते आणि गार हवा जड असल्यामुळे खाली उतरते. थंड भिंतीवर बर्फाचा थर बसणं म्हणजे तिला रजई पांघरणं. वर बर्फ टणक राहतो, खाली मात्र गारवा पोचत नाही. तुम्ही बटण ५ वर नेलंत, पण त्यावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. मोठा आकडा म्हणजे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालणार, इतकंच. थंडीची वाटच अडलेली असेल, तर बटण फिरवल्याने वरचा बर्फ आणखी जाड होतो.

फ्रिजच्या आत किती गार आहे, हे फक्त थर्मामीटर सांगतो. फ्रिजसाठीचा छोटा थर्मामीटर आणा, पाण्याच्या ग्लासात ठेवून तो ग्लास मधल्या कप्प्यावर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हाच आकडा वाचा. ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा. फ्रीजरमध्ये उणे १८. ८ किंवा १० अंश दिसले, तर तो फ्रिज दिवा लागणारं कपाट झालाय असं समजा. माझ्या सगळ्या नोकरीत लोकांनी मला 'फ्रिज चालतोय ना?' असं विचारलं, 'किती अंशावर चालतोय?' असं विचारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. मोटारीचा आवाज येतो म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि अन्न खराब करणारे जंतू तेवढ्यात आपलं काम करतात.

बर्फ इतक्या वेगाने साचतोय म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरतेय. दाराचं रबर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडखळत निघाली तर ठीक, सरळ सुटली तर त्या जागी फट आहे. चारी बाजूंनी असं करून बघा. पुष्कळदा रबर फाटलेलं नसतं, फक्त घड्यांत चिकटपणा आणि काळी बुरशी बसलेली असते. कोमट साबणाच्या पाण्याने, जुन्या मऊ ब्रशने ते साफ करा आणि नीट कोरडं करा. रबर कडक झालं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर थोडा वेळ धरून बघा, थोडं मऊ पडून पुन्हा बसतं. नाहीच बसलं तर नवीन रबर टाकणं हे लहानसं काम आहे. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच करून घ्या, म्हणजे अर्धवट ढकललेलं दार आपोआप लागतं.

फ्रिजवर कापडाचं आवरण असेल तर ते आजच काढा. आतून ओढलेली उष्णता फ्रिज मागच्या जाळीतून किंवा दोन्ही बाजूंच्या पत्र्यांतून बाहेर टाकतो, ती कोंडली की मोटार थांबतच नाही. बाजू कोमट लागतात हे बिघाडाचं लक्षण नाही, उलट तिथून उष्णता निघतेय याची खूण आहे. भिंतीपासून हातभर नाही, पण चार बोटं तरी जागा सोडा. कंपनीच्या पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तितकी. मागे जाळी दिसत असेल, तर वर्षातून दोनदा प्लग काढून तिच्यावरची धूळ ब्रशने झाडा. आतल्या जाळ्यांवर वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिक अंथरू नका, हवेची वाट तेही अडवतं.

आता भाताकडे वळतो. इथे मला सासूबाईंची बाजू आधी घ्यायची आहे, कारण त्यांच्या नियमामागे खरा अनुभव आहे. उकळतं भांडं आत ठेवलं की शेजारच्या सगळ्या वस्तू तापतात, आतमध्ये वाफ धरते, बर्फ वाढतो. तेव्हा 'गरम भांडं लगेच आत नको' इथपर्यंत त्या बरोबर आहेत. चूक होते ती 'पूर्ण गार' या शब्दांत आणि त्यासाठी रात्रभर वाट बघण्यात.

अन्नातले जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाढतात. अनुकूल उष्णता मिळाली, तर त्यातले काही वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. दर वीस मिनिटांनी दुप्पट म्हणजे एकाचे सात तासांत वीस लाखांवर. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानात २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात खोलीतच ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच आवरा.

भाताचं तर आणखी एक वैशिष्ट्य आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. भात कितीही कढत केला तरी जिवाणू मरतील, विष तसंच राहील. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून ६ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. तुम्ही लिहिलेलं सगळं याच्याशी तंतोतंत जुळतं. 'गरम करून खाल्लं होतं' ही तुमची समजूत मला नीट कळते, बहुतेक घरांत ती असते, पण आधी झालेली चूक गरम करून पुसली जात नाही.

मग काय करायचं? जेवणं झाली की उरलेलं अन्न मोठ्या भांड्यात ठेवू नका. उथळ, पसरट डब्यांत बोटभर उंचीचा थर करा. पातळ पदार्थ असेल तर भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात वाफ जाते, भांडं हाताला कोमट लागतं. तेव्हा झाकण लावून आत ठेवायचं, पूर्ण गार व्हायची वाट बघायची नाही. हे सासूबाईंना सांगताना 'तुमचं चुकतं' असं म्हणू नका. 'गरम भांडं आत ठेवत नाही, पण लवकर गार करते' असं म्हणा. त्यांच्या नियमाचा गाभा त्यात शाबूत आहे, आणि नातवाच्या उलट्या त्यांनीही पाहिल्या आहेत.

फ्रिजमध्ये गेलेलं अन्नही कायमचं सुरक्षित नसतं. ३ ते ४ दिवस ही शिजवलेल्या अन्नाची मर्यादा, आणि भात मी तर एका दिवसात संपवतो. वास घेऊन ठरवू नका. वास मारणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे, दुसऱ्या जातीचे पुष्कळदा ना वास देतात ना चव बदलतात.

जाऊबाईंसाठी हे फार महत्त्वाचं आहे. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. धडधाकट माणसाला तो सहसा फारसा त्रास देत नाही. गर्भवतीला मात्र नुसता ताप, अंगदुखी होऊन जाते आणि आत बाळाच्या जिवावर बेततं. म्हणून त्यांना शक्यतो ताजं द्या. उरलेलं द्यायचंच झालं तर आदल्या दिवसापेक्षा जुनं नको, आणि मधोमध वाफा येईपर्यंत कढत करून द्या. न तापवलेलं कच्चं दूध आणि त्याचं चीज त्यांना अजिबात नको. कापलेली फळं फार वेळ ठेवू नका. या दिवसांत त्यांना ताप आला तर 'हवा बदलली असेल' म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

कच्चं मांस किंवा मासे आणत असाल तर ते झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यावर. वर ठेवलं तर त्याचं पाणी खालच्या तयार अन्नात ठिबकतं. गोठलेलं मांस ओट्यावर वितळवू नका, आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात आणा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. वितळले की जिथे होते तिथून पुढे सुरू. दूध दारात ठेवत असाल तर तेही आत सरकवा. दार ही फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा, प्रत्येक उघडझापीला ती तापते. दारात सॉस, लोणची, पाण्याच्या बाटल्या ठेवा. बाटल्या फ्रीजरमध्ये मात्र काठोकाठ भरून ठेवू नका. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि काच फुटते.

सासऱ्यांच्या इन्सुलिनचं ऐका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. जास्त उष्णता त्याला चालत नाही, आणि गोठणं तर मुळीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळून पहिल्यासारखं दिसलं तरी ते टाकून द्यायचं. म्हणून फ्रीजरच्या लगत किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, दारातही नको. मधल्या कप्प्यावर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा. महिनाभर तुमच्या फ्रिजचं तापमान बिघडलेलं होतं, तेव्हा आतल्या कुप्यांबद्दल डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा. सासऱ्यांची साखर या दिवसांत उगाच वाढलेली दिसली असेल, तर तेही त्यांना सांगा.

साफसफाईचं थोडक्यात. पंधरा दिवसांनी एकदा, प्लग काढून, कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून आतून पुसा. थंडगार काचेच्या कप्प्यावर गरम पाणी ओतू नका, तडकते. ब्लीच आणि दुसरं कुठलं क्लीनर एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. मागे खाली पाणी साचण्याचा ट्रे असतो, तो लोक वर्षानुवर्षं बघतच नाहीत. त्यातल्या साचल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. तो दर आठवड्याला ओतून, घासून, कोरडा करून लावा.

वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला साधारण २४ तास. वीज येऊन-जाऊन करत असेल तर प्लग काढून ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. बंद झाल्याबरोबर नळ्यांतला दाब सारखा व्हायला वेळ लागतो, त्याआधी सुरू करायला गेलं की कॉम्प्रेसर अडून तापतो.

दुरुस्त की नवीन? माझं मत असं. रबर, थर्मोस्टॅट, एखादी वायर, सॉकेटचं अर्थिंग एवढ्यावर भागत असेल, तर ११ वर्षांचा फ्रिज मी टाकणार नाही. पण मेगरने कॉम्प्रेसरचंच इन्सुलेशन गेल्याचं दाखवलं किंवा सुरीने फ्रीजरला भोक पडलं असेल, तर त्यात पैसे घालू नका. आणि गॅस भरायची वेळ आली, तर लेबलवर जो आहे तोच भरायला सांगा. आर-६००एची नळी जोडताना उघड्या ज्योतीने काम करणाऱ्याला घरात घेऊ नका.

आणि जुना फ्रिज मागच्या खोलीत सामानाला? नाही, ताई. तुमच्या घरात लहान मूल आहे, दुसरं येतंय. लपाछपी खेळताना मुलं रिकाम्या फ्रिजमध्ये शिरतात, दार लागतं, आत हवा थोडी असते आणि ओरडणं बाहेर ऐकू येत नाही. अमेरिकेत अशी इतकी मुलं गेली की १९५६ साली आतून उघडता येईल असंच दार बसवण्याचा कायदा करावा लागला. पूर्वीच्या खटक्याच्या कडीऐवजी चुंबकाचं रबर रूढ झालं ते त्यानंतर. तरी चुंबकाच्या दारावर विसंबू नका. बाहेरून काही टेकलं असेल तर पाच वर्षांच्या मुलाला ते ढकलता येत नाही. फ्रिज जायचा ठरला की ज्या दिवशी तो बंद होईल त्याच दिवशी मिस्त्रीकडून दार बिजागरीतून काढून घ्या, आतल्या जाळ्या तशाच राहू द्या म्हणजे कुणाला शिरता येणार नाही. मग गॅस नीट काढून घेणाऱ्या ई-कचरा केंद्राकडे पाठवा.

वायरमन येऊन गेला की मला तीन गोष्टी लिहून कळवा: मेगरने काय दाखवलं, लेबलवर कोणता गॅस लिहिला आहे, आणि बर्फ काढून, रबर धुऊन, फ्रिज पुन्हा सुरू केल्यावर दुसऱ्या सकाळी पाण्याच्या ग्लासातला आकडा किती आला. तो ४च्या वर असेल, तर पुढे काय करायचं ते पुढच्या पत्रात सांगतो. तोवर दूध शेजारीच राहू द्या.